आशंकेची बेटं

माझ्या फोनमध्ये ‘आजोबा फायनल ७’ नावाची एक फाइल आहे. नावावरून कळलंच असेल की ती फायनल नाही. तिच्याआधी एक ते सहा आहेत, आणि ‘आजोबा नवीन सुरुवात’ नावाच्या दोन वेगळ्याच फाइली आहेत.

लॉकडाऊनमध्ये मी पुण्याची खोली सोडून नागपूरला घरी आलो आणि तिथूनच ऑफिसचं काम करायला लागलो. दुपारी जेवण झालं की आजोबा माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसायचे. ते एम्प्रेस मिलमध्ये मागावर कामाला होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला सुरू केलेली ही नागपूरची गिरणी. आमच्या घरातल्या दोन पिढ्या तिच्या भोंग्यावर उठल्या. आजोबांचं बोलणं मी फोनवर रेकॉर्ड केलं. अकरा रेकॉर्डिंग्ज जमली. म्हटलं, यातून एक मोठा लेख लिहायचा. गिरणीचा इतिहास असेल, आजोबा असतील, मधूनमधून शहरही येईल.

सुरुवात मी नऊ वेळा केली. दर वेळी तीनचार पानं झाली की वाचून बघायचो आणि वाटायचं, हे काही खरं नाही. आजोबा बोलतात तेव्हा अंगावर येतं, आणि मी लिहिलं की त्याचं शाळेतलं निबंधाचं पान होतं. शिवाय आतून एक आवाज चालूच असे. तू इंजिनिअर. इतिहास शिकलेला नाहीस, मराठी दहावीनंतर सुटलेलं. हे लिहिणारा तू कोण?

आजोबा अधूनमधून विचारायचे, “झालं का रे लिहून?”

“नाही अजून.”

“मंग कवा होईन?”

एकदा मी त्यांना अडचण सांगायचा प्रयत्न केला. जसं डोक्यात आहे तसं उतरत नाही, म्हणालो. ते हसले. “माग असा थांबवून ठेवला असता ना, तर हाकललं असतं मले. धागा तुटतेच. गाठ मारायची अन् माग सुरू करायचा.”

२०२३च्या जानेवारीत आजोबा गेले. लेख झाला नव्हता. त्यांना एक पानही वाचून दाखवलं नव्हतं. चांगलं झालं की दाखवू, असं ठरवलं होतं.

हा लेख त्या लेखाबद्दल नाही. गिरणीविषयी वाचताना ज्या माणसापाशी येऊन मी थांबलो, त्याच्याबद्दल आहे. आजोबांच्या जवानीच्या काळात तो माणूस नागपुरात पत्रकार होता. एम्प्रेस मिलच्या कामगारांवर झालेल्या गोळीबाराचा अनुभव त्याच्या सगळ्यात मोठ्या कवितेमागे आहे, असं अभ्यासक सांगतात. माझा शोध गोळीबाराचा होता. त्या कवितेत मला भलतंच काहीतरी सापडलं.

घरात मराठी, वहीत हिंदी

गजानन माधव मुक्तिबोध. जन्म १३ नोव्हेंबर १९१७, श्योपूर, तेव्हाचं ग्वाल्हेर संस्थान. नाव ऐकून वाटतं त्याप्रमाणे घर मराठीच. पूर्वज खानदेशातून ग्वाल्हेरकडे गेलेले. वडील माधवराव पोलीस खात्यात, त्यामुळे बदल्या आणि गावं बदलणं पाचवीला पुजलेलं. मुलगा अभ्यासात फार चमकला असंही नाही. १९३०मध्ये उज्जैनला मिडलच्या परीक्षेत तो नापास झाला. पुढे १९३८मध्ये इंदूरच्या होळकर कॉलेजातून बी.ए. झाला.

या घरात दोन भाऊ कवी निघाले. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहू लागले. ‘नवी मळवाट’, ‘यात्रिक’ हे त्यांचे कवितासंग्रह, ‘क्षिप्रा’ ही कादंबरी. समीक्षेच्या पुस्तकासाठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. थोरल्या गजाननरावांनी हिंदी निवडली. म्हणजे ज्या भाषेत आई हाक मारायची, त्या भाषेत कविता नाही, आणि ज्या भाषेत कविता, ती भाषा बाहेरच्या जगाची. आपल्यापैकी अनेकांचं उलटसुलट असंच काहीतरी असतं. मी दिवसभर इंग्रजीत ईमेल लिहितो आणि रात्री मराठीत चार ओळी लिहिताना ‘जाणीव’ आणि ‘जाणिवे’चा ऱ्हस्वदीर्घ तपासतो.

१९४३मध्ये अज्ञेयांनी संपादित केलेला ‘तार सप्तक’ आला. सात तरुण कवींच्या कवितांचं हे पुस्तक हिंदीतल्या आधुनिक कवितेचा मैलाचा दगड मानलं जातं. त्या सातांमध्ये मुक्तिबोध होते, आणि ग्वाल्हेरचे आणखी एक मराठी गृहस्थ, प्रभाकर माचवे, हेही होते. मुक्तिबोधांचं वय तेव्हा पंचवीस-सव्वीस. म्हणजे सुरुवात तर दणक्यात झाली.

यानंतर त्यांच्या कवितांचं स्वतंत्र पुस्तक यायला एकवीस वर्षं लागली. ते आलं तेव्हा मुक्तिबोध हयात नव्हते.

एकवीस वर्षं

या एकवीस वर्षांत माणूस रिकामा बसला नव्हता. मास्तरकी केली. उज्जैन, बनारस, जबलपूर अशी गावं आणि नोकऱ्या बदलल्या. मग नागपूर. तिथे आधी माहिती खात्यात आणि आकाशवाणीवर नोकरी, नंतर ‘नया खून’ नावाच्या साप्ताहिकात पत्रकारिता. टोपणनावांनी राजकीय लेख लिहिले. लग्न घरच्यांच्या मनाविरुद्ध केलेलं, मुलं लहान, पैशाची ओढाताण कायमची. अखेर १९५८मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापकी मिळाली आणि आयुष्य थोडं स्थिरावलं.

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर गोंदिया, डोंगरगढ गेल्यावर राजनांदगाव येतं. कॉलेज तिथल्या जुन्या राजवाड्यात आहे, तलावांच्या कडेला. मुक्तिबोध तिथेच राहायचे. त्या घरातला गोल वळणाचा जिना त्यांच्या कवितेत उतरला आहे. आज तिथे त्यांचं स्मारक आहे.

कविता या सगळ्या काळात लिहिल्या जात होत्या, मासिकांत येतही होत्या. पण कविता संपायच्या नाहीत. एकेक कविता वर्षानुवर्षं चाले. ‘अँधेरे में’ ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कविता आठ भागांची आहे. तिचा लेखनकाळ साधारण १९५७ ते १९६२ असा मानला जातो. सुरुवात नागपुरात, शेवट राजनांदगावात. पुन्हा लिहिणं, खोडणं, एका कवितेचा तुकडा दुसरीत जाणं हे सतत चालू. पुढे १९८०मध्ये नेमिचंद्र जैन यांनी सहा खंडांत त्यांची ‘रचनावली’ काढली. तिच्यातही अनेक कवितांपुढे नक्की तारीख देता येत नाही, संभाव्य काळ द्यावा लागतो.

कविता लांबत का जातात, यावर मुक्तिबोधांनीच लिहून ठेवलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वास्तवातल्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि सतत हलत असतात, मग त्यांच्यावरची कविता कुठे संपवायची? आपल्याला छोट्या कविता जमत नाहीत, आणि ज्या छोट्या दिसतात त्या खरं तर अर्धवट राहिलेल्या आहेत, अशी कबुलीही ते देतात.

हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. माझ्या फायनल सातची कुंडली कुणीतरी साठ वर्षांपूर्वीच मांडून ठेवली होती.

तिसरा क्षण

मुक्तिबोधांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकात ‘तीसरा क्षण’ नावाचा लेख आहे. लेख म्हणजे केशव नावाच्या मित्राशी झालेल्या गप्पा. लिहिण्याची प्रक्रिया नेमकी कशी चालते, हा विषय. लिहिताना अडकणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावा असा तो लेख आहे.

त्यांच्या मते कलेचे तीन क्षण असतात. पहिला, आयुष्यातला एखादा उत्कट अनुभव. दुसरा क्षण येतो तेव्हा तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि जणू डोळ्यांसमोर उभा राहतो. आता तो फक्त माझं दुःख नसतो. मी त्याच्याकडे बघू शकतो. याला ते फँटसी म्हणतात. तिसरा क्षण म्हणजे ही फँटसी शब्दांत उतरू लागते तिथपासून रचना पूर्ण होईपर्यंतचा सगळा काळ. नावाला क्षण, पण तो महिने आणि वर्षंही चालू शकतो.

खरी गंमत तिसऱ्या क्षणात आहे. आपली समजूत अशी असते की डोक्यात एक सुंदर गोष्ट तयार असते आणि लिहिणं म्हणजे ती कागदावर नीट उतरवून घेणं. उतरलं नाही की दोष आपला. मुक्तिबोध म्हणतात, तसं घडतच नाही. भाषा माझ्या एकट्याची नसते. माझ्या आधीच्या लाखो माणसांनी वापरलेले शब्द आपापले अर्थ आणि आठवणी घेऊन येतात. मी एक शब्द ठेवतो, तो माझ्या अनुभवाला थोडा वळवतो. कधी अनुभव त्या शब्दाला नाकारतो आणि दुसरा मागतो. या रेट्यात मूळ फँटसी बदलत जाते, तिच्यात नवं काही मिसळतं. शेवटी कागदावर जे उरतं ते डोक्यातल्या चित्राची नक्कल नसते. ते त्याच्यापासून जन्मलेलं, त्याच्यासारखं दिसणारं, पण वेगळं काहीतरी असतं. आईला मुलगी असावी तसं.

मी हा भाग तीनदा वाचला. ‘जसं डोक्यात आहे तसं उतरत नाही’ ही माझी तक्रार होती ना? हा माणूस म्हणत होता की उतरणारच नाही. कुणाचंच उतरत नाही. डोकं आणि कागद यांच्यातली ती फट बघून मी इतकी वर्षं स्वतःला नालायक ठरवत होतो, आणि त्यांच्या मते लेखन नेमकं त्या फटीतच घडतं.

कामावर हे मला चांगलं ठाऊक आहे. फळ्यावर काढलेलं डिझाइन आणि प्रत्यक्षात चालणारा कोड कधीच सारखे नसतात. कोड लिहायला बसल्यावरच कळतं की फळ्यावरच्या चौकोनांमध्ये काय राहून गेलं होतं. तिथे मी स्वतःला दोष देत नाही, डिझाइन बदलतो. लेखाच्या बाबतीत मात्र मी डिझाइनला चिकटून बसलो आणि दर वेळी फाइलच बदलली.

आतला पहारेकरी

‘नालायक’ म्हणणाऱ्या त्या आवाजाचं काय? तोही मुक्तिबोधांच्या लेखनात आहे, आणि त्यांनी त्याची चांगलीच झडती घेतलीय.

आजच्या कवीला तीन आघाड्यांवर झगडावं लागतं, असं त्यांनी एका निबंधात मांडलं. पहिला झगडा आशयासाठी, म्हणजे सांगण्यासारखं काही गाठीशी असण्यासाठी. दुसरा, ते सांगण्याची ताकद कमावण्यासाठी. तिसरा, जगाकडे बघायची आपली नजर वाढवण्यासाठी. मला यात उपयोगी वाटलं ते हे, की ‘मला लिहिता येत नाही’ या एका धुरकट वाक्याचे तिथे तीन तुकडे होतात, आणि तुकडा हातात घेता येतो. मी स्वतःला विचारलं, माझ्याकडे सांगायला काही नाही का? आहे, अकरा रेकॉर्डिंग्ज आहेत. शब्द कमी पडतात का? पडतात, पण ते सरावाने वाढतील. मग नजर? इथे मात्र मी अडखळलो. आजोबांची गोष्ट मला कशासाठी सांगायची होती, याचं उत्तर मी स्वतःला कधी दिलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट ते सांगतात ती गोठलेल्या अभिरुचीची. ‘चांगलं साहित्य’ कसं दिसतं याचा एक साचा आपल्या मनात पक्का होतो आणि तो सेन्सॉरचं काम करू लागतो. त्या साच्यात न बसणारा अनुभव कागदावर यायच्या आधीच आतल्या आत अडवला जातो. लेखकाला वाटतं की आपण दर्जा राखतोय. प्रत्यक्षात आपल्याच आयुष्याचा बराचसा भाग आपण दाराबाहेर उभा करून ठेवलेला असतो.

मी माझ्या सात फाइली उघडून पाहिल्या. एकातही आजोबांचं ‘मले’ नव्हतं. सगळीकडे त्याचं ‘मला’ झालं होतं. गाठ मारायचं ते वाक्यही नव्हतं. ते मला ‘साधं’ वाटलं होतं.

दाराची कडी

आता ती कविता. ‘अँधेरे में’ सुरू होते एका अंधाऱ्या घरात. कुणीतरी चालतंय, पावलांचा आवाज येतोय, पण माणूस दिसत नाही. मग तो दिसतो. लाल प्रकाशात न्हालेला, गूढ, तेजस्वी पुरुष. निवेदकाला हळूहळू उमगतं की हा परका नाही. आपण जे होऊ शकलो असतो, जे अजून झालेलो नाही, त्याचं हे पूर्ण रूप आहे. आपलीच हरवलेली अभिव्यक्ती.

तो माणूस येऊन दाराची कडी वाजवतो. निवेदक काय करतो? उठत नाही. त्याला भेटायचंय, पण भीतीही वाटते. हा आत आला तर आपल्याला कुठल्या कुठे नेईल, किती मागेल! आपल्या दुबळेपणाचीही एक ऊब असते, ती सोडवत नाही. अखेर धडपडत उठून दार उघडतो, तर बाहेर कुणी नाही. पुढची सगळी कविता म्हणजे त्याचा शोध. वाटेत मध्यरात्रीची ती प्रसिद्ध मिरवणूक लागते. तिच्यात लष्करी अधिकारी, पत्रकार, विद्वान, कवी असे शहरातले सगळे प्रतिष्ठित आहेत, आणि त्यांच्याच रांगेत डोमाजी उस्ताद नावाचा कुख्यात गुंडही. निवेदकाने हे पाहिलं म्हणून ते त्याच्यामागे लागतात. लष्करी कायदा, गोळीबार, पळापळ. शेवटी तो हरवलेला पुरुष क्षणभर रस्त्यावरच्या गर्दीत दिसतो आणि पुन्हा नाहीसा होतो. निवेदक त्याला गल्लोगल्ली, चेहऱ्याचेहऱ्यात शोधत राहतो. कविता तिथे संपते.

‘अँधेरे में’चा विचार बहुधा राजकीय कविता म्हणून होतो, आणि ती आहेच. पण रात्री दोन वाजता फाइल बंद करणाऱ्या माणसाने ती वाचली, तर दुसऱ्या भागातली ती कडी त्याला आधी ऐकू येते. आपल्याला ज्याची भीती वाटते ते नेहमी अपयशच असतं असं नाही, हे मला त्या भागाने दाखवलं. लेख खरंच झाला तर? मग ‘मला वेळ मिळत नाही’ हे सांगता येणार नाही. मग दुसरा लिहावा लागेल.

बाहेरचा आवाज

आत्मशंका नेहमी आतूनच येते असंही नाही. कधी तिला बाहेरून रसद मिळते.

मुक्तिबोधांनी पोटापाण्यासाठी इतिहासाचं एक पाठ्यपुस्तक लिहिलं होतं, ‘भारत : इतिहास और संस्कृति’. ते शाळांसाठी लागू झालं, आणि त्याविरुद्ध ओरड उठली. सप्टेंबर १९६२मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. ज्या कवीच्या कवितांचं एकही पुस्तक नव्हतं, त्याच्या हयातीतल्या मोजक्या पुस्तकांपैकी एक बेकायदा ठरलं. या घटनेचा त्यांना जबर धक्का बसला, असं त्यांच्या जवळच्या मित्रांनी लिहिलं आहे. आधीच संशयी असलेल्या मनाला आता पुरावा मिळाला होता.

म्हणून ‘स्वतःवर विश्वास ठेवा, बाकी सगळं होईल’ छापाचा सल्ला ऐकला की मला आता मुक्तिबोध आठवतात. त्यांची भीती नुसता मनाचा खेळ नव्हती. बाहेर खरोखर काहीतरी होतं. तरीही ते लिहीत राहिले. शंका गेली आणि मग लिहिलं, असा दिवस त्यांच्या आयुष्यात उगवल्याचं कुठे दिसत नाही. शंका हाच त्यांनी कच्चा माल केला.

विहिरीतला ब्रह्मराक्षस

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. थोर लेखकालाही शंका यायच्या, तेव्हा आपणही लिहीत राहावं. पण मुक्तिबोधांच्याच दोन रचना तसं थांबू देत नाहीत.

‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत शहराबाहेर एक ओसाड बारव आहे. तिच्या थंड, काळोख्या पाण्यात एक ब्रह्मराक्षस राहतो, विद्वान माणसाचं भूत. तो रात्रंदिवस अंग घासतोय. मळ निघत नाही, म्हणून आणखी घासतोय. प्राचीन मंत्रांपासून मार्क्स, सार्त्र आणि गांधींपर्यंत सगळं त्याला पाठ आहे आणि प्रत्येकाचा तो नवा अर्थ लावतोय. बारवेत चुकून ऊन उतरलं तर त्याला वाटतं, सूर्य आपल्याला नमस्कार करायला आला. पूर्णत्वाच्या नादात तो तिथेच मेला, काम अर्धं टाकून. कवितेच्या शेवटी निवेदक म्हणतो की मला त्याचा शिष्य व्हायचंय, त्याचं राहिलेलं काम तडीला न्यायचंय.

याच कल्पनेवर त्यांची एक कथाही आहे, ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’. एक मुलगा बारा वर्षं एका गुरूकडे शिकतो. निरोपाच्या दिवशी कळतं की गुरू माणूस नसून ब्रह्मराक्षस आहे. त्याने आयुष्यभर ज्ञान मिळवलं, पण योग्य शिष्य न मिळाल्याने ते कुणाला दिलं नाही, म्हणून तो अडकून पडला. आता दिलं, आता तो सुटला.

मला वाटतं मुक्तिबोधांना आपला आजार नेमका माहीत होता. घासत राहणं म्हणजे मेहनत आणि घासत राहणं म्हणजे अडकणं, यांच्यातला फरक त्यांनी दोनदा लिहून दाखवला. तो फरक असा, की माल कुणाच्या हाती दिला का? कथेतला गुरू परिपूर्ण झाला म्हणून सुटत नाही. त्याने हातचं दिलं, म्हणून सुटतो.

स्वतः मुक्तिबोधांना हे कितपत साधलं? १७ फेब्रुवारी १९६४ला त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आधी भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात उपचार झाले. हिंदीतले लेखक धावपळ करत होते. त्यांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपर्यंत शब्द टाकला आणि मुक्तिबोधांना दिल्लीच्या एम्समध्ये हलवलं गेलं. ११ सप्टेंबर १९६४ला ते गेले. वय ४६.

त्याच वर्षी भारतीय ज्ञानपीठाने ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ प्रकाशित केलं. कविता निवडण्याचं आणि लावण्याचं काम श्रीकांत वर्मांनी केलं, प्रस्तावना शमशेर बहादुर सिंह यांनी लिहिली. आज हे हिंदीतल्या विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या कवितासंग्रहांपैकी एक मानलं जातं. कवितेच्या शेवटी जे शिष्य मागितले होते, ते मित्रांच्या रूपाने आले. पण उशिरा आले.

या उशिराला मी थोरपणाचं चिन्ह म्हणणार नाही. गरिबी, नोकऱ्या, बदल्या, बंदी ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांचा दोष त्यांच्यावर नाही. पण पुस्तक हातात घेतलेल्या मुक्तिबोधांचा एकही फोटो नाही, हेही खरं. जो प्रसिद्ध आहे तो विडी पेटवतानाचा.

गाठ

‘अँधेरे में’ १९६४च्या नोव्हेंबरमध्ये हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात छापून आली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, ‘आशंका के द्वीप : अँधेरे में’. पुस्तकात ती नुसती ‘अँधेरे में’ आहे. आशंकेची बेटं शीर्षकातून गेली, कवितेतून मात्र ती जाणार नव्हती. कविता त्यांच्यावरच उभी आहे.

मागच्या दिवाळीत मी नागपूरला गेलो तेव्हा फायनल सात घेऊन गेलो. आठवी फाइल केली नाही. सातवीतच जिथे जिथे ‘मला’ होतं तिथे रेकॉर्डिंग ऐकून ‘मले’ केलं. माग थांबवून ठेवण्याचं ते वाक्य घातलं. शेवट अजून नव्हता. शेवटच्या पानावर दोन परिच्छेद आणि खाली तीन प्रश्नचिन्हं होती. तसंच आजीला वाचून दाखवायला बसलो.

आजी चष्मा काढून ऐकत होती. पहिली दोन पानं काही बोलली नाही. मी मनात म्हणालो, झालं, कंटाळली. तिसऱ्या पानावर आजोबा पहाटेच्या भोंग्याला उठून पहिल्या पाळीला जातात असा प्रसंग आहे, तिथे तिने मला थांबवलं.

“पहिली पाळी नव्हती त्याइची. सुरुवातीची सात वर्षं रातपाळी. भोंग्याले तर मी उठो. हे भोंग्याले घरी येत.”

आजोबांच्या अकराच्या अकरा रेकॉर्डिंग्जमध्ये हे नव्हतं. ते सांगायचं त्यांना सुचलं नसेल, किंवा मी विचारलं नसेल. आमच्या घरातल्या भोंग्याचा अर्थच उलटा होता. तो कामाला जाण्याचा नव्हता, घरी येण्याचा होता. आणि तो ऐकत एक बाई उठायची, जी माझ्या सातही फाइलींत कुठेच नव्हती.

मी फोन टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. बारावं.